उबंटूची आवृत्ती बदलली आणि मायएसक्यूएल सुरू होईना: नाशिकच्या एका वाचनालयातील अनुभव

नाशिकमधील एका सार्वजनिक वाचनालयात मी सहाय्यक ग्रंथपाल म्हणून काम करते. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी आणि अनामत, नव्या पुस्तकांचे दाखल क्रमांक या सगळ्या नोंदी आमच्याकडे कार्यालयातल्या एका छोट्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. त्यावर उबंटू १८.०४ ही कार्यप्रणाली होती, माहिती मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसमध्ये साठवलेली होती आणि देवघेवीची प्रणाली पीएचपी या भाषेत लिहिलेली होती. जून २०२३ मध्ये हा सर्व्हर आम्ही उबंटू २०.०४ वर नेला आणि त्यानंतर मायएसक्यूएलची सेवा सुरूच होईना. ती पुन्हा सुरू होईपर्यंत जे जे करावे लागले ते सविस्तर लिहून ठेवत आहे. शाळा, पतसंस्था, लहान कारखाने अशा अनेक ठिकाणी संगणकाचे काम माझ्यासारखी एखादी व्यक्ती मूळ नोकरी सांभाळून करत असते, आणि अशा वेळी तिच्याजवळ विचारायला कोणी नसते. त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

आवृत्ती बदलण्याची दोन कारणे होती. उबंटू १८.०४ ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अद्ययन ३१ मे २०२३ रोजी संपणार होते. दुसरे म्हणजे देवघेवीच्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीला पीएचपी ७.४ लागणार होते आणि आमच्याकडे ७.२ होते. उबंटू २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ मिळते आणि मायएसक्यूएल ८.० मिळते. थेट २२.०४ वर का गेलो नाही, असे मला कार्यकारी मंडळातही विचारले गेले. दीर्घकालीन आवृत्त्यांमध्ये मधली पायरी गाळता येत नाही, हे त्याचे एक उत्तर. शिवाय २२.०४ मधल्या पीएचपी ८.१ वर आमची प्रणाली तपासलेली नव्हती.

परवानगीला वेळ लागला, आणि तो लागणे योग्यच होते. ९ मे रोजी मी कार्यवाहांच्या नावे लेखी अर्ज दिला. काय बदलणार, का बदलणार, देवघेव किती काळ बंद राहू शकेल आणि काम फसले तर काय करणार, हे चारही मुद्दे त्यात लिहिले होते. २७ मेच्या सभेत तो मंजूर झाला. माहितीची प्रत ठेवण्यासाठी एक टेराबाइटची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क हवी होती. आमच्या नियमानुसार ३,००० रुपयांवरील खरेदीला तीन दरपत्रके लागतात, म्हणून शालिमार आणि महात्मा गांधी रोड परिसरातील दुकानांतून ती आणली. डिस्क ४,३५० रुपयांना मिळाली. यूपीएसची बॅटरी थकली होती, ती १,०५० रुपयांना बदलून घेतली. असा अर्ज करणाऱ्यांनी बॅटरीचा खर्च पहिल्याच अर्जात दाखवावा, म्हणजे त्यासाठी वेगळी टिप्पणी लिहावी लागत नाही. बिल वाचनालयाच्या नावानेच घ्यावे, नाहीतर लेखापरीक्षणाच्या वेळी प्रश्न येतो.

बॅटरीचा आग्रह मी एका विशिष्ट कारणासाठी धरला होता. मायएसक्यूएल ५.७ नीट बंद न होता वीज जाऊन बंद पडले, तर त्याच्या मागे राहिलेल्या रीडू लॉगवरून, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांच्या नोंदीवरून, ८.० पुढे जाऊ शकत नाही. अपघाताने बंद पडल्यानंतरचे अपग्रेड चालत नाही, असे ते स्पष्ट सांगते आणि थांबते. मग जुनी आवृत्ती पुन्हा बसवून, ती रीतसर सुरू करून, रीतसर बंद करून मगच पुढे जाता येते. जूनच्या वळिवाच्या सरींत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून महावितरणकडे त्या दोन दिवसांतल्या दुरुस्तीच्या कामांचीही चौकशी करून ठेवली होती.

आमची साप्ताहिक सुटी सोमवारी असते. त्यामुळे रविवार, १८ जूनची संध्याकाळ ते मंगळवार, २० जूनची सकाळ असा वेळ ठरवला. सूचना फलकावर तशी सूचना लावली आणि कार्यवाहांच्या सांगण्यावरून जुन्या पद्धतीची देवघेव नोंदवहीही आखून ठेवली.

रविवारी वाचनालय बंद झाल्यावर पहिले काम माहितीची प्रत घेण्याचे होते. मायएसक्यूएल डंप या साधनाने सर्व तक्त्यांची प्रत काढली. नंतर ‘इनोडीबी फास्ट शटडाउन’ हे मूल्य शून्य करून सेवा बंद केली, म्हणजे बंद होण्यापूर्वी ती सारी उरलीसुरली आवराआवर पूर्ण करते. सेवा बंद असतानाच माहितीचा संपूर्ण फोल्डर आणि एटीसी फोल्डरमधल्या सगळ्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या. डंप माझ्या लॅपटॉपवरील मायएसक्यूएलमध्ये भरून पाहिला आणि सभासद तक्त्यातील एकूण नोंदी सर्व्हरवरच्या आकड्याशी जुळवल्या. हे जुळवणे टाळू नये असे मला मनापासून वाटते. मायएसक्यूएल ८.० ने एकदा माहितीचा फोल्डर आपल्या रचनेत बदलून घेतला की तो ५.७ ला परत वाचता येत नाही, म्हणजे मागे येण्याचा एकमेव मार्ग ही प्रतच असते.

त्यानंतर डू-रिलीज-अपग्रेड हा आदेश दिला. बराच वेळ पॅकेजे उतरत राहिली आणि मग मांडणीच्या फाइलींविषयीचे प्रश्न सुरू झाले. एखाद्या फाइलीत आपण किंवा आपल्या आधीच्या माणसाने बदल केलेला असेल, तर तुमची फाइल ठेवायची की पॅकेजबरोबर आलेली नवी घ्यायची, असे उबंटू विचारते. तिथे दोन्हींतला फरक दाखवण्याचाही पर्याय असतो. मी प्रत्येक वेळी फरक पाहिला आणि काय निवडले ते वहीत लिहिले. मायएसक्यूएलच्या मुख्य मांडणी फाइलीत माहितीच्या फोल्डरचा पत्ता नेहमीपेक्षा वेगळा होता, कारण पूर्वी कधीतरी डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवलेला होता. म्हणून ती आमची जुनीच ठेवली. ॲपआर्मर या सुरक्षा व्यवस्थेतली मायएसक्यूएलची नियमावली मात्र नवी घेतली. नव्या आवृत्तीच्या प्रोग्रामला नव्या परवानग्या लागतात, जुनी नियमावली ठेवली तर त्या मिळणार नाहीत, असा त्यामागे विचार होता. नवी फाइल निवडली तरी जुनी नष्ट होत नाही. ती त्याच फोल्डरमध्ये शेवटी ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे जोडून राहते. आपली जुनी ठेवली तर नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ या जोडणीने शेजारी ठेवली जाते. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचाच उपयोग झाला.

रात्री अकराच्या सुमारास अपग्रेड शेवटाकडे आले आणि पडद्यावर मायएसक्यूएलचे पॅकेज मांडता आले नाही अशी त्रुटी दिसली. बाकीची पॅकेजे बसली होती. सर्व्हर पुन्हा सुरू केला, प्रणालीची पाने दाखवणारा अपाचे हा वेब सर्व्हर सुरू झाला, पण देवघेवीच्या पानावर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश आला. सेवा हाताने सुरू करून पाहिली तर उत्तर आले की मायएसक्यूएल सर्व्हिसचे काम अयशस्वी झाले, कंट्रोल प्रोसेस त्रुटी देऊन बाहेर पडली, तपशिलासाठी सिस्टिमसीटीएल स्टेटस आणि जर्नलसीटीएल पाहा.

छातीत धस्स होणे म्हणजे काय ते त्या क्षणी कळले. आमच्या सभासदांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या यंत्रात होत्या, आणि प्रत हाताशी असूनही मन काही ते मानायला तयार नव्हते. त्या रात्री मी आणखी काहीही केले नाही. सर्व्हर तसाच ठेवला, पडद्यावरच्या संदेशांची छायाचित्रे घेतली आणि घरी गेले. दमलेल्या अवस्थेत पॅकेज काढून पुन्हा बसवण्याचा मोह होतो आणि नेमके तेच अशा वेळी करू नये. पॅकेज पूर्णपणे काढताना माहितीचा फोल्डरही पुसायचा का असा प्रश्न येतो आणि त्याचे घाईत दिलेले उत्तर परत घेता येत नाही.

सोमवारी सकाळी सर्वप्रथम सिस्टिमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल असा आदेश दिला. त्यातली शेवटची ओळ ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी होती, म्हणजे सुरू करण्याची विनंती फार भराभर पुन्हा पुन्हा झाली. ही ओळ वाचून अनेक जण तिच्याच मागे लागतात, पण ती मूळ आजार सांगत नाही. उबंटूवरील सिस्टिमडी ही व्यवस्था मायएसक्यूएल बंद पडले की ते आपोआप पुन्हा सुरू करून पाहते, आणि मूळ ठरावानुसार दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की प्रयत्न सोडून देते. त्या ओळीचा अर्थ एवढाच की प्रयत्न संपले. ते प्रयत्न का फसले हे वरच्या ओळींत असते, आणि स्टेटस हा आदेश अगदी मोजक्या शेवटच्या ओळी दाखवत असल्याने ते कारण बहुधा त्याच्या बाहेर राहते.

म्हणून ‘जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल -बी’ हा आदेश दिला. यातले यू एका विशिष्ट सेवेच्या नोंदी निवडते आणि बी केवळ यंत्र शेवटचे सुरू झाल्यापासूनच्या नोंदी घेते. खालून वर न वाचता मी पहिल्या प्रयत्नाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिथे स्वच्छ लिहिले होते: ‘अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_लिमिट=१एम’. त्याखाली ‘अबॉर्टिंग’.

ही ओळ कोणी लिहिली हेही पाहण्यासारखे होते. ती ‘मायएसक्यूएल-सिस्टिमडी-स्टार्ट’ या नावाखाली होती. मुख्य सर्व्हर सुरू होण्यापूर्वी उबंटू ही छोटी स्क्रिप्ट चालवते. ती मांडणी वाचून पाहते आणि त्यात खोट आढळली तर मुख्य सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाही. आदल्या रात्रीच्या संदेशातली ‘कंट्रोल प्रोसेस’ म्हणजे हीच. याचा अर्थ असा की माहितीच्या फोल्डरला अजून कोणी हातही लावलेला नव्हता. हे समजले तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले.

कारण शोधायला वेळ लागला नाही. क्वेरी कॅश, म्हणजे आधी दिलेली उत्तरे लक्षात ठेवण्याची सोय, मायएसक्यूएल ८.० मधून पूर्णपणे काढून टाकलेली आहे. उबंटू १८.०४ बरोबर येणाऱ्या मूळ मांडणी फाइलीतच क्वेरी_कॅश_लिमिट आणि क्वेरी_कॅश_साइझ अशा दोन ओळी होत्या. जुनी फाइल ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्या नडतात, मग त्याने स्वतः त्या लिहिलेल्या असोत वा नसोत. फाइलीची प्रत घेऊन दोन्ही ओळींच्या आधी हॅशचे चिन्ह घातले. ओळ पुसण्यापेक्षा ती अशी निष्क्रिय करावी आणि शेजारी तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या माणसाला काय झाले ते कळते.

यापुढे सेवा सुरू करून पाहणे, ती पडणे, पुन्हा नोंदी वाचणे असे करत बसण्याची गरज नव्हती. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून ‘व्हॅलिडेट-कॉन्फिग’ नावाचा पर्याय उपलब्ध आहे. मायएसक्यूएलडी या मूळ प्रोग्रामला तो लावून चालवले की सर्व्हर सुरू न होता केवळ मांडणी तपासली जाते. सर्व ठीक असेल तर काहीच छापले जात नाही. चूक असेल तर पहिली चूक सांगून तपासणी थांबते, त्यामुळे ती दुरुस्त करून पुन्हा चालवावे लागते. रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून, न चालवता मायएसक्यूएल या वापरकर्त्याच्या नावाने चालवावे. आमच्या फाइलीत यातून आणखी एक दोष निघाला: एसक्यूएल_मोड या ओळीत ‘नो_ऑटो_क्रिएट_यूजर’ असे एक मूल्य होते आणि तेही ८.० मध्ये नाही. त्याच्या जोडीच्या एका स्वल्पविरामासकट तेवढाच शब्द काढला, बाकीची मूल्ये तशीच ठेवली. हा पर्याय मला अपग्रेडनंतर कळला असला तरी दुसऱ्या कोणाला तो आधीच वापरता येईल: लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८.० बसवावे, आपली जुनी मांडणी फाइल त्याला दाखवावी आणि तपासणी करून घ्यावी.

मांडणी निर्दोष ठरली. सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड हा आदेश देऊन फसलेल्या प्रयत्नांची गणती पुसली आणि सेवा सुरू केली.

ती पुन्हा पडली.

या वेळी जर्नलमध्ये उपयोगाचे फारसे नव्हते. मांडणी वाचून झाल्यावर मायएसक्यूएल आपल्या तक्रारी स्वतःच्या एरर लॉगमध्ये लिहिते. उबंटूवर तो व्हार फोल्डरातील लॉग या विभागात मायएसक्यूएलच्या नावाखाली असतो. तिथे लिहिले होते की माहितीच्या फोल्डरात चाचणीची फाइल तयार करता येत नाही आणि पुढे ‘ओएस एररनो १३ – परमिशन डिनाइड’. म्हणजे परवानगी नाकारली गेली होती.

फोल्डरची मालकी बदलली असावी असे प्रथम वाटते. ‘नेमाय -एल’ या आदेशापुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला की मुळापासून शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानग्या एकाखाली एक दिसतात. पुष्कळदा शेवटचा फोल्डर बरोबर असतो आणि मधलाच एखादा अडवत असतो. आमच्याकडे सर्व पायऱ्या बरोबर होत्या. मग मायएसक्यूएल या वापरकर्त्याच्या नावाने त्या फोल्डरातील फाइलींची यादी मागितली, तर तीही मिळाली. वापरकर्त्याला परवानगी आहे, त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला मात्र नाही, अशी ही स्थिती होती. यंत्रापुढे बसून बराच वेळ मी या दोन ओळींकडे पाहत राहिले.

परमिशन डिनाइड आले की फोल्डर सर्वांसाठी खुला करून टाका, म्हणजे ७७७ परवानगी द्या, असा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. तो पाळू नये. मायएसक्यूएलचा फोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी खुला करणे धोक्याचे आहे, आणि आमच्या बाबतीत त्याने काही सुटलेही नसते, कारण अडवणूक दुसरीकडून होत होती.

इथे वही कामी आली. रविवारच्या पानावर ‘ॲपआर्मरची नियमावली: नवी घेतली’ अशी नोंद होती. ॲपआर्मर वापरकर्ता कोण आहे हे पाहत नाही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलींना हात लावायचा हे तो ठरवतो. यादी देणारा प्रोग्राम वेगळा, मायएसक्यूएलडी वेगळा. म्हणून एकाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला नाही. खात्रीसाठी कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी ‘जर्नलसीटीएल -के’ या आदेशाने पाहिल्या. तिथे ॲपआर्मर, ‘डिनाइड’, प्रोग्रामचे नाव आणि आमच्याच फोल्डरचा पत्ता असे चारही तपशील एका ओळीत मिळाले. पाठोपाठ तशाच ओळींची रांग होती.

जुनी, ‘डीपीकेजी-ओल्ड’ जोडणीची फाइल उघडून नव्या फाइलीशी ताडून पाहिली. जुनीत अगदी शेवटी दोन ओळी हाताने घातलेल्या होत्या. पूर्वी आमच्याकडे संगणकाचे काम पाहणारे गृहस्थ आता पुण्याला असतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “हो ताई, जुनी डिस्क भरत आली म्हणून डेटा हलवला, तेव्हाच त्या ओळी घातल्या होत्या. त्या नसल्या की ते सुरूच होत नाही.” एवढ्या वर्षांनी त्यांना ते आठवले याचे मला कौतुक वाटले. दुसऱ्याने उभारलेली यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी त्या माणसाचा फोन क्रमांक जपून ठेवावा आणि शक्य असल्यास काम सुरू करण्याआधीच एकदा बोलून घ्यावे.

त्या दोन ओळी मुख्य नियमावलीत परत घालता आल्या असत्या, पण पुढच्या अपग्रेडच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. ॲपआर्मरच्या फोल्डरात ‘लोकल’ नावाचा एक उपफोल्डर असतो. आपल्या ठिकाणापुरते नियम तिथल्या त्याच नावाच्या फाइलीत लिहायचे असतात. मुख्य नियमावली ती फाइल आपणहून वाचते आणि पॅकेज बदलले तरी त्या फाइलीला धक्का लागत नाही. तिथे दोन नियम लिहिले. पहिला माहितीच्या फोल्डरला वाचण्याची परवानगी देतो. दुसऱ्यात फोल्डरच्या पत्त्यापुढे दोन तारांकने येतात आणि त्यापुढे आर, डब्ल्यू आणि के ही अक्षरे, म्हणजे आतल्या सर्व फाइली वाचणे, लिहिणे आणि कुलूपबंद करणे. प्रत्येक नियमाच्या शेवटी स्वल्पविराम हवाच. तो राहिला तर नियमावली वाचलीच जात नाही. फाइल जतन करून ॲपआर्मर-पार्सर हा आदेश आर या अक्षरासह मुख्य नियमावलीवर चालवला, म्हणजे नवे नियम लगेच लागू झाले.

ॲपआर्मर पूर्ण बंद करून टाकण्याचा पर्यायही होता आणि तो एका आदेशाचा होता. मी तो घेतला नाही. या सर्व्हरवर सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक आहेत. दोन ओळींच्या त्रासासाठी संरक्षणाचा एक थर काढणे मला योग्य वाटले नाही.

सोमवारी दुपारी सेवा पुन्हा सुरू केली. दुसऱ्या खिडकीत एरर लॉग ‘टेल -एफ’ या आदेशाने चालू ठेवला होता, त्यामुळे ओळी येतील तशा दिसत होत्या. डेटा डिक्शनरी, म्हणजे तक्त्यांच्या रचनेची नोंद, नव्या रचनेत बदलण्याची सुरुवात झाल्याचे त्यात आले, मग काही काळ काहीच आले नाही. या शांततेत कोणीही आदेश तोडू नये किंवा यंत्र बंद करू नये; तक्त्यांच्या आकारानुसार हा वेळ कमीअधिक होतो. अखेर सर्व्हर अपग्रेड ५०७०० (म्हणजे ५.७) पासून नव्या आवृत्तीपर्यंत पूर्ण झाल्याची ओळ आली आणि त्याखाली ‘रेडी फॉर कनेक्शन्स’. माझ्या शेजारी आमचे शिपाई भाऊ चहा घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, “झालं का ताई?” आणि मला “झालं” म्हणताना गहिवरून आले.

मायएसक्यूएल-अपग्रेड हा जुना आदेश वेगळा चालवण्याची गरज ८.०.१६ पासून राहिलेली नाही, ते काम सर्व्हर स्वतः करतो. मात्र रविवारी अर्धवट राहिलेले पॅकेज पूर्ण करून घेणे आवश्यक असते, त्यासाठी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवले. सेवा सुरू झाली म्हणून ही पायरी सोडली, तर पुढे कोणतेही पॅकेज बसवताना तीच जुनी त्रुटी डोके वर काढते. यानंतर सर्व्हर मुद्दाम पुन्हा सुरू करून सेवा आपोआप उभी राहते ना तेही पाहिले, आणि सभासदांच्या नोंदींची संख्या रविवारच्या आकड्याशी जुळवली. जुळली.

काम इथे संपले असे मात्र नव्हते. देवघेव चालू झाली, पुस्तकांचा शोध चालू झाला, पण थकीत वर्गणीचा अहवाल १०६४ क्रमांकाची वाक्यरचनेची त्रुटी देऊ लागला. हा अहवाल आमच्याच गरजेसाठी पूर्वी इथेच लिहून घेतलेला होता. त्यात सभासदांच्या गटांच्या तक्त्याचे नाव ‘ग्रुप्स’ होते, आणि मायएसक्यूएल ८.० मध्ये हा राखीव शब्द झाला आहे. ‘रँक’ हाही तसाच. तक्त्याचे नाव बदलावे लागत नाही. क्वेरीत त्या नावाभोवती बॅकटिक ही उलटी तिरकी चिन्हे घातली की पुरते. अहवालाची फाइल शोधून तेवढा बदल केला. सेवा सुरू झाल्यावर फक्त मुख्य पान उघडून समाधान मानू नये, महिन्याला एकदाच लागणारे अहवालही काढून पाहावेत. आमच्याकडे तो दोष मंगळवारी काउंटरवर सभासदासमोर उघड झाला असता.

संध्याकाळी कार्यवाहांचा फोन आला. “उद्या सकाळी देवघेव नेहमीप्रमाणे होईल ना?” असे त्यांनी विचारले. होईल, पण पहिला तासभर नोंदवहीतही समांतर नोंद ठेवू, असे मी सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. मंगळवारी सकाळी तसेच केले. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्यावर नोंदवही कपाटात ठेवली.

पुढच्या आठवड्यात डिस्क आणि बॅटरी यांची बिले, दरपत्रके आणि ठरावाची प्रत जोडून खर्चाचे व्हाउचर सादर केले. त्याबरोबर कामाचा दोन पानी अहवालही दिला. कोणत्या फाइली बदलल्या, त्यांच्या जुन्या प्रती कुठे आहेत आणि माहितीचा फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे, हे त्यात पत्त्यांसह लिहिले. त्याची एक प्रत कार्यालयाच्या फाइलीत आहे आणि एक सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. रविवारी घेतलेली जुनी प्रत किमान एक लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत पुसायची नाही, असे मंडळाने ठरवले.

आता २२.०४ ची पायरी बाकी आहे. तिथेही मायएसक्यूएल ८.० च आहे, त्यामुळे डेटाबेसपेक्षा पीएचपी ८.१ ची तपासणी जास्त करावी लागेल. तिचा अर्ज लिहायला घेतला आहे. देवघेवीची प्रणाली आणि इथे लिहून घेतलेले सगळे अहवाल आधी लॅपटॉपवर नव्या पीएचपीवर चालवून पाहायचे, त्यांची यादी अर्जाला जोडायची आणि मगच सोमवारची तारीख मागायची, असे ग्रंथपाल मॅडमशी बोलून ठरले आहे.